काठ्या न रोवलेलं साल

धर्माजीला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते पाठीकडून. एकोणीसशे पन्नासचा चैत्र होता. सावरे बंदरात नवी लाँच येणार म्हणून शाळेला अर्धी सुट्टी मिळाली होती आणि सगळं गाव धक्क्यावर जमलं होतं. लाँचला झेंडूच्या माळा होत्या, चांगदेव शेठ पेढे वाटत होते. एवढ्या गर्दीची तोंडं पाण्याकडे होती आणि एकाच माणसाची पाठ. पालथ्या घातलेल्या होडीला तो डांबर लावत होता. लाँचने शिटी दिली तेव्हा सगळे दचकले, पण त्याचा हात थांबला नाही.

"तो कोण?" असं विचारल्यावर शेजारचा एकजण म्हणाला, "मोरू तांडेलाचा धर्माजी. तो न्हाय बघायचा इकडं."

न बघण्याला कारण होतं. सावरे खाडीच्या आतल्या बाजूला आहे आणि तुरवडे समोरच्या काठावर, खाडीच्या मुखाशी. मधे चार मैल पाणी. या पाण्यातून उतारू नेण्या-आणण्याचा हक्क दर तीन वर्षांनी लोकल बोर्डाच्या लिलावात जाई. लिलाव नावालाच असे, कारण धर्माजीचा बाप मोरू तांडेल याच्यासमोर दुसरा कुणी बोली बोलत नसे. त्या साली चांगदेव शेठ बोलले. शेठ घाटावरून आलेले. आधी किराणा, मग तांदूळ, मग मंगळुरी कौलं, असा त्यांचा व्यापार वाढत गेला होता. मोरूला न पेलणारी बोली त्यांनी हसत हसत दिली.

एवढ्यावर भागलं असतं तर धर्माजीने कदाचित सोडून दिलं असतं. पण लाँच सुरू झाल्यानंतर आठच दिवसांनी मोरूने तुरवड्याच्या दोन बायकांना आपल्या होडीत घेतलं. पैसे घेतले नव्हते. लाँच सुटून गेली होती आणि बायका रडकुंडीला आल्या होत्या. शेठनी बोर्डाचा शिपाई बोलावला आणि भर धक्क्यावर म्हाताऱ्याच्या हातातली वल्ही काढून घ्यायला लावली.

"आता घरी बसा तांडेल," शेठ म्हणाले. "हे पाणी आता माझं आहे."

मोरू रिकाम्या हातांनी घरी गेला. त्याची लेक गोदू तुरवड्याला दिली होती. ज्येष्ठात तिच्या मुलाचं बारसं आलं, तेव्हा मोरू लाँचमध्ये बसला नाही. खाडीला वळसा घालून, खाजणातल्या खारजमिनीच्या बांधांवरून, नऊ कोस चालत गेला आणि चालतच परत आला. आला तो ताप घेऊन. भाद्रपदात तो गेला.

धर्माजी मोठ्याने बोलणारा माणूस नव्हता. मासेमारीवर घर चालवायचा, संध्याकाळी जाळं विणत बसायचा. बापाचा विषय त्याने कुणाजवळ काढला नाही. राग त्याने खारवलेल्या माशासारखा ठेवला होता, वरून कोरडा आणि आत जसाच्या तसा.

आठ वर्षं गेली. अठ्ठावन्न साली लाँच चालवणारा तांडेल मुंबईच्या गोदीत नोकरीला गेला आणि शेठनी बाहेरचा कुणी आणून बसवला. त्याने वैशाखात जवळच्या वाटेने जाऊन अख्खं वऱ्हाड गाळात रुतवलं. मुहूर्त टळला, नवरदेव मांडीभर चिखलातून चालत काठाला लागला, आणि तुरवडेकरांनी शेठच्या नावाने जी बोंब ठोकली ती पार माणगावच्या बाजारापर्यंत पोचली. तेव्हा शेठनी रफिकला धर्माजीकडे पाठवलं. रफिक शेठच्या मचव्यावर, म्हणजे माल वाहणाऱ्या शिडाच्या मोठ्या होडीवर, तांडेल होता आणि धर्माजीचा लहानपणापासूनचा सोबती.

"शेठ बोलावतोय," रफिक ओट्यावर बसत म्हणाला. "लाँचवर माणूस पायजे."

"सांग त्याला, धर्माजी मेला."

"सांगीन की. पन दर बाजाराला त्याच्याच दुकानातून मीठ आनतोस, मंग ते कोन आनतं म्हनून इचारल तो."

धर्माजी हसला नाही, पण दुसऱ्या दिवशी जायला तयार झाला, आणि याचं रफिकला नवल वाटलं. कारण एवढंच की मुरूडकडचे एक लाँचवाले, करमअली, गेल्या वर्षी धर्माजीला भेटून गेले होते. एकोणसाठच्या लिलावात त्यांना बोली बोलायची होती, पण ही खाडी जाणणारा आणि लाँचचा परवाना असलेला तांडेल हाताशी असेल तरच. धर्माजीजवळ खाडी होती, परवाना नव्हता. परवाना शेठ काढून देणार होते. मग नोकरी धरायची, शेठच्याच खर्चाने परवाना घ्यायचा आणि लिलावाच्या तोंडावर शेठला सोडून करमअलींकडे जायचं. आठ वर्षांत त्याला सुचलेला हा पहिला नीट मार्ग होता.

लाँचच्या कचेरीत भिंतीवर मोरूची वल्ही होती. दोन खिळ्यांवर आडवी टांगलेली. एकावर शेठची छत्री लटकत होती, दुसऱ्यावर कोट. धर्माजी त्यांच्याकडे बघत उभा राहिला.

"तुझ्या वडिलांचीच ना?" शेठ म्हणाले. "लाकूड चांगलं आहे हो. अजून वाकलं नाही."

मग त्यांनी माणगावहून करून आणलेला स्टँपचा कागद पुढे केला. पगार चांगला होता, परवाना मिळणार होता, आणि पंधरा दिवसांत सही हवी होती.

धर्माजीला आपलं नाव लिहिता येई, त्यापलीकडे अक्षराशी ओळख नव्हती. त्याची बायको कोकिळा चौथी पास होती. घरी तिने कागद वाचला. धर्माजीची आई आवडाबाई सुपात तांदूळ निवडत ऐकत होती.

"कलम तीन," कोकिळा वाचू लागली. "नोकरी सोडल्यापासून सात वर्षेपावेतो सदर इसमाने या खाडीत दुसऱ्या कोणाच्याही लाँचवर, मचव्यावर अथवा होडीवर पगारी वा बिनपगारी काम करू नये."

"पुन्ना वाच."

तिने पुन्हा वाचलं.

"सात वर्सं," धर्माजी म्हणाला.

"पुढं ऐका तरी. कलम चार. नोकरीत असेतोवर व त्यानंतर सात वर्षे सदर इसमाने खाडीची वाट मालकाच्या लाँचवरील कामाखेरीज कोणाही इसमास सांगू, दाखवू अथवा खुणेने समजावू नये. कसूर केल्यास परवाना रद्द होईल व पाचशे रुपये दंड..."

"बास."

"आवं, अजून दोन कलमं हायत."

"बास म्हनलं ना!"

तिसऱ्या कलमाने त्याचा मार्गच बुजवला होता. शेठ मूर्ख नव्हते. करमअलींची कुणकुण त्यांनाही लागली असणार. आता सही केली तर तो जन्माचा शेठचा माणूस होणार, कारण सात वर्षं थांबून करमअली काय करणार होते? आणि नाही केली तर परवाना गेला, पगार गेला आणि शेठ तसेच मोकळे राहिले. बापाला धक्क्यावरून उठवणारा माणूस आता त्यालाही कागदावर बांधू बघत होता, आणि त्यासाठी पगार देत होता, हे त्याला सगळ्यात जास्त झोंबलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

"फेकून दे त्याच्या तोंडावर," आवडाबाई म्हणाली. "आठ वर्सं भीक मागितली न्हाय आपन."

"फेकून काय व्हनार, आये? तो उचलून ठेवल आनि दुसरा मानूस आनल."

"मंग दुसरं काय तरी बघ. पन त्याचं वाटोळं झालेलं बघितल्याबिगर मी डोळं मिटनार न्हाय, सांगून ठेवते."

"सासूबाई, हळू बोला," कोकिळा म्हणाली. "आनि आवं, काय सूड घ्यायचा तो घ्या, पन पगार म्हयन्याच्या म्हयन्याला घरात येऊ द्या."

बारा दिवस असे गेले. रोज तो ठरवी की उद्या कागद परत करायचा. तेराव्या दिवशी, आषाढाची उघडीप बघून, तो परसात बांबू तासायला बसला. हे त्याचं दर वर्षाचं काम. पावसाळ्यात खाडीतला गाळ जागा बदलतो, आणि नारळी पौर्णिमेनंतर नवी वाट शोधावी लागते. मोरूच्या घराण्याचा हा मान होता. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ओहोटीला होडी काढायची, बांबूने ठाव घेत घेत खोल पाणी शोधायचं आणि त्याच्या दोन्ही अंगांना काठ्या रोवून शेंड्याला सुक्या झावळ्या बांधायच्या. चाळीस-पंचेचाळीस काठ्या लागत. त्यांच्या मधून गेलं की भरलेला मचवा बिनधोक सावऱ्याला लागे. मोबदला म्हणून प्रत्येक मचव्याकडून एक नारळ मिळे. उतारू नेण्याचा हक्क गेला तरी हा मान गेला नव्हता. मोरूनंतर धर्माजी काठ्या रोवत होता.

कोकिळा पाण्याची कळशी घेऊन चालली होती. ती थांबली.

"आवं, सही केली तर ह्या काठ्या बी बंद की."

"का?"

"खुनेनं समजावू नये, असं लिवलंय. काठी म्हंजे खूनच ना?"

धर्माजीने कोयता खाली ठेवला. "कोनाला बी न्हाय?"

"कोनाही इसमास."

"शेठच्या मचव्यास्नी बी?"

"लाँच सोडून कुनालाच न्हाय." मग तिच्याही ध्यानात आलं. "पन शेठ असं कसं लिवल? त्याला म्हाईत न्हाय काठ्या कोन रोवतं?"

शेठना माहीत नव्हतं. खाडीवर दहा-बारा वर्षं व्यापार केलेला तो माणूस कधी ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरला नव्हता. दर वर्षी श्रावण सरता सरता काठ्या उभ्या राहतात, एवढंच त्याने पाहिलं होतं. पाहुण्यांना काठ्या दाखवत, "बंदरखात्याची माणसं रोवून जातात, सरकारी काम आहे," असं सांगताना धर्माजीने त्यांना स्वतः ऐकलं होतं आणि तेव्हा नुसता थुंकला होता. खाडीत येणारे भरलेले मचवे आता जवळजवळ सगळे शेठचेच होते.

त्या संध्याकाळी तो जेवला, आणि मागून घेऊन जेवला.

"कोळ्यांच्या होड्यांचं काय?" कोकिळेने विचारलं.

"होडीला गुडघाभर पानी पुरतं. त्यास्नी काठी कशाला लागती?"

"आनि रफिकभावजी?"

मचवा रुतला तर आधी रफिकच्या मानेवर येणार होतं. या एका गोष्टीवर तो आणखी एक दिवस अडून राहिला. मग सही व्हायच्या आधीच, कागदाने तोंड बांधलं जायच्या आधीच, त्याने रफिकला सगळं सांगितलं.

रफिकने दाढी खाजवली. "म्हंजे मला ताप यायला पायजे."

"व्हय."

"कवा येनार ते आदी सांग बाबा. न्हायतर घरवाली गुलबानू खरंच काढा करून पाजील मला."

पंधराव्या दिवशी धर्माजी कचेरीत गेला. साक्षीला दोन माणसं होती.

"शेठ, एक इचारू? वाट कुनालाच दाखवायची न्हाय?"

"कुणालाच म्हणजे कुणालाच नाही. सख्ख्या भावाला सुद्धा."

"नक्की?"

"अरे, त्यासाठीच तर कागद केलाय!"

धर्माजीने वाकडीतिकडी, पण ठसठशीत सही केली.

नारळी पौर्णिमा झाली. दुसरा दिवस उजाडला, तिसरा गेला. तासलेले बांबू परसात भिंतीला टेकून उभे होते. लोक विचारायला आले, त्यांना त्याने "कागद हाय" एवढंच सांगितलं. दुसऱ्या व्यापाऱ्यांचे दोन मचवे होते, ते अर्धा माल भरून मोठ्या भरतीला येऊ लागले. लाँच मात्र धर्माजीच्या हाती एकदाही अडली नाही. वाट त्याच्या डोक्यात होती. शेठ खूश होते, चारचौघांत त्याच्या पाठीवर थाप मारत होते. थाप पडली की धर्माजी मान खाली घाली. लोकांना तो विनय वाटे.

भाद्रपदात शेठचा मोसमातला पहिला आणि सगळ्यात मोठा मचवा कौलं भरून तुरवड्याला येऊन थांबला, आणि रफिकला ताप आला. शेठ चिडले. गिऱ्हाईक माणगावहून गाड्या घेऊन सावऱ्याला येऊन बसलं होतं. शेठ स्वतः सकाळच्या लाँचने तुरवड्याला गेले आणि मचव्यावर चढले.

"शेठ, काठ्या न्हाईत," खलाशी म्हणाला.

"सरकारी काम, होणार उशीर! लाँच परत निघालीय ना? तिच्या मागोमाग घ्या."

हे धर्माजीने लाँचच्या सुकाणूवरून ऐकलं. लाँचला कमरभर पाणी पुरतं आणि भरलेल्या मचव्याला पुरुषभर लागतं, एवढं एक वाक्य बोललं असतं तरी पुरे होतं. त्याने घंटा दिली आणि लाँच हाकारली. खोल पाणी डाव्या अंगाला होतं. रोज जायचा त्याच जवळच्या वाटेने, उजवीकडून, तो गेला. अर्ध्या मैलावर मागे आरडाओरडा ऐकू आला, तरी त्याने वळून पाहिलं नाही. भरती संपून पाणी नुकतं उतरू लागलं होतं.

अकराच्या फेरीला तो तिथून गेला तेव्हा मचवा एका कुशीवर कलला होता. शेठ डोलकाठीला धरून उभे होते.

"धर्माजी! खोल पाणी कुठंय ते सांग!"

धर्माजीने लाँच सावकाश केली. उतारू कठड्याशी गोळा झाले. त्याने दोन्ही हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "कलम चार! कोनाही इसमास सांगू, दाखवू अथवा खुनेनं समजावू नये!"

"अरे, मी मालक आहे!"

"सख्ख्या भावाला सुदीक न्हाय, शेठ! तुमीच म्हनालात!"

उतारूंत हशा पिकला. एकच्या फेरीला धर्माजीने लाँच खोल पाण्यातून नेली, तेव्हा शेठच्या भोवती पाणी राहिलं नव्हतं, नुसता काळा गाळ होता, आणि बगळे फिरत होते. मचवा हलका करायचा म्हणून शेठ खलाशांकडून कौलं गाळात टाकवत होते. दर कौलाला त्यांचा चेहरा बघण्यासारखा होई. तीनच्या फेरीला आवडाबाई धक्क्यावर आली. आठ वर्षांत तिने लाँचला पाय लावला नव्हता. तिने खिडकीवर तिकीट काढलं, लुगड्याचा काष्टा सावरला आणि पुढच्या बाकावर जाऊन बसली. मचवा आला तेव्हा ती उठून उभी राहिली, पोटभर बघितलं आणि खाली बसून पानाची चंची सोडली. तुरवड्याला ती उतरलीसुद्धा नाही. त्याच लाँचने परत आली, म्हणजे आणखी एकदा बघून झालं.

दिवेलागण उलटल्यावर भरतीने मचवा सुटला. दुसऱ्या दिवशी शेठनी धर्माजीला कचेरीत बोलावलं. रात्रीत त्यांना काठ्या कोण रोवतं ते कळलं होतं.

"तू आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं न्हाय."

शेठनी डोळे मिटले. त्यांचे आणखी दोन मचवे तुरवड्याला भरून उभे होते. "बरं. चौथं कलम रद्द करतो."

"सगळा कागद, शेठ."

"तिसऱ्याचा काय संबंध?"

"एक कलम फाडता येत न्हाय. कागद फाटतो तो सगळा फाटतो."

शेठनी कागद उभा फाडला, आणि रद्द केल्याचं धर्माजीने साक्षीदारांसमक्ष लिहून घेतलं. निघताना त्याने भिंतीवरची छत्री आणि कोट काढून नीट टेबलावर ठेवले आणि वल्ही खांद्यावर टाकून घरी आणली. एकाला आतून वाळवी लागलेली निघाली. आवडाबाईने ते न्हाणीच्या चुलीत घातलं.

काठ्या दोन ओहोट्यांत रोवून झाल्या. नोकरी त्याने सोडली नाही. फाल्गुनापर्यंत तो लाँचवर होता, आणि इतकं चोख काम केलं की शेठ मागचं विसरू लागले. त्यांना वाटलं, माणसाचा कंड शमला. शेठची बायको केसर चांगल्या मनाची होती. तिने कोकिळेच्या बाळंतपणात साजूक तूप पाठवलं.

"आता पुरे झालं की," कोकिळा त्या वेळी म्हणाली. "त्याला चिखलात बसवलं, गावानं बघितलं. अजून काय पायजे तुमाला?"

"बाबा नऊ कोस चालला."

"आनि ते तूप?"

"तूप तू खा."

लिलावाच्या दिवशी अलिबागला बोर्डाच्या कचेरीत शेठ शिरले, तर करमअलींच्या शेजारच्या खुर्चीवर धर्माजी बसलेला. खिशात शेठनी काढून दिलेला परवाना होता. शेठ तीन बोली बोलले. चौथ्या वेळी त्यांनी धर्माजीकडे पाहिलं. हक्क मिळाला तरी लाँच चालवणार कोण, हा हिशेब त्यांचा त्यांनाच कळला असावा. बोली त्यांनी करमअलींना सोडली. बाहेर आल्यावर व्हरांड्यात त्यांनी धर्माजीला गाठलं.

"किती जास्त देतो तो तुला?"

"दोन रुपये कमी," धर्माजी म्हणाला.

शेठ बाकावर बसले ते पुष्कळ वेळ उठले नाहीत. त्यांनी पुढे लाँच विकली आणि दुकान तेवढं ठेवलं. हे चांगलं झालं असं काही म्हणवत नाही. शेठ त्या वर्षात फार लवकर म्हातारे दिसू लागले. पण धर्माजीला कधी त्याची खंत वाटलेली दिसली नाही. बाजाराच्या दिवशी तो त्यांच्याच दुकानात मीठ घ्यायला जाई. शेठ स्वतः उठून तराजू धरत, आणि धर्माजी काटा मधोमध येईतो बघत उभा राही.

करमअलींनीही पहिल्या महिन्यात एक कागद पाठवला होता. कोकिळेने वाचला, त्यातही सात वर्षं होती. धर्माजीने तो सही न करता परत पाठवला आणि करमअलींनी पुन्हा विषय काढला नाही.

सध्या धर्माजी सावरे-तुरवडे लाँचवर तांडेल आहे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे, आणि दिवाळीनंतर मुंबईला तो काढायचं ठरलं आहे.